हजेरीची बिदागी, गैरहजेरीचे स्वामित्वधन : खानदेशी गीताच्या मालकीचा इतिहास

१

पाश्चात्त्य साहित्यविचारात ‘लेखक’ ही संकल्पना ऐरणीवर आली ती १९६०नंतरच्या दशकात. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा रोलाँ बार्तचा निबंध १९६७चा आहे आणि ‘लेखक म्हणजे काय?’ हा प्रश्न मिशेल फूकोने विचारला तो १९६९ मध्ये. याच १९६९ साली मुंबईत ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ (आयपीआरएस) ही गीतकार, संगीतकार आणि संगीतप्रकाशक यांची संस्था स्थापन झाली. एकीकडे लेखक हे संहितेचे मूळ नव्हे असे प्रतिपादन होत होते, तर दुसरीकडे आपल्या गाण्याच्या प्रत्येक वापरामागे आपल्याला वाटा मिळावा म्हणून रचनाकार संघटित होत होते. या दोन घटनांमध्ये वरवर विरोध दिसतो. परंतु फूकोचे म्हणणे नीट पाहिले तर तो विरोध मावळतो. लेखक हे ज्ञानव्यवहारातील एक कार्य आहे आणि लेखनाला मालमत्तेचे रूप आल्यानंतर, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, त्याला आजचा आकार आला, असे तो सांगतो. लेखकत्व आणि मालकी यांचा जन्म असा परस्परांशी निगडित आहे.

मराठी समीक्षेने बार्त-फूकोंची चर्चा पुष्कळ केली. देशीवादी मांडणीतून मौखिक परंपरेचा गौरवही झाला. मात्र मौखिक परंपरेतील रचनेची मालकी कोणाची, तिच्या ध्वनिमुद्रणातून येणारा पैसा कोणाकडे जातो आणि तो तसाच का जातो, हे प्रश्न आपण वकिलांवर सोपवून मोकळे झालो. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, संगीतहक्कांचा कायदा ही स्वतःच एक साहित्यशास्त्रीय भूमिका आहे. निर्मिती कशाला म्हणावे, कृती कोठे सुरू होते, सादरीकरण हे सर्जन आहे की केवळ पुनरुच्चार, या प्रश्नांची उत्तरे तो कायदा देतो आणि ती उत्तरे पैशात मोजली जातात. या उत्तरांच्या मुळाशी लेखनाचे प्रामाण्य आहे. खानदेशाच्या संदर्भात या प्रामाण्याचा इतिहास तपासला तर त्याचे परिणाम विशेष स्पष्ट दिसतात, कारण येथील गीत मुख्यतः न लिहिता जगले आहे.

२

१९५७च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमात ‘संगीतकृती’ची जी मूळ व्याख्या होती ती या दृष्टीने उद्बोधक आहे. स्वरावली, स्वरसंवाद किंवा या दोहोंची रचना म्हणजे संगीतकृती. परंतु ती छापलेली, लिहून काढलेली किंवा अन्य रीतीने आलेखित झालेली असावी, अशी अट तीत होती. म्हणजे चाल कानात असेल, गळ्यात असेल, गावाच्या स्मरणात असेल, तरी कागदावर नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ती संगीतकृती नव्हती. ही व्याख्या युरोपीय स्वरलेखनाच्या परंपरेतून आली होती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ही अट पुरी होण्यासारखी होती. तेथे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संगीतसंयोजक वादकांसाठी स्वरलिपी लिहीतच असत. आखाजीला झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणणाऱ्या मुली, श्रावणात कानबाईसमोर गाणाऱ्या बाया, वहीगायनाचे फड, लग्नातील वाजंत्री यांपैकी कोणाच्याही चालीला ही अट लागू पडत नव्हती.

ही व्याख्या १९९४च्या दुरुस्तीने बदलली. संगीताचा समावेश असलेली कृती ती संगीतकृती, आणि स्वरलिपी असल्यास तीही त्यात अंतर्भूत, असे नवे शब्द आले. म्हणजे स्वातंत्र्योत्तर काळातील जवळजवळ चार दशके या देशात न लिहिलेल्या चालीला कायदेशीर अस्तित्व नव्हते. शास्त्रीय बंदिशींपासून लोकगीतांपर्यंत जेथील संगीतव्यवहार मुख्यतः गुरुमुखातून व ऐकून चालत आला, त्या समाजाने स्वतःसाठी ही व्याख्या स्वीकारावी, यातील विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

लेखन आणि निर्मिती यांच्या या समीकरणाला आव्हान देणारा विचार साहित्याभ्यासात १९६० पासून उपलब्ध होता. आल्बर्ट लॉर्डने ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात युगोस्लाव गायकांच्या आधारे दाखवले की मौखिक परंपरेत पाठांतर आणि रचना हे वेगळे व्यापार नसतात. प्रत्येक सादरीकरण ही नवी रचना असते. हे मान्य केले तर गायक हा कृतीचा वाहक न राहता कर्ता ठरतो. कायद्याने मात्र गायकाला दीर्घकाळ कर्त्यांच्या पंक्तीबाहेरच ठेवले.

३

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण या चौकटीत पुन्हा पाहण्याजोगे आहे. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात आयुष्य घालवलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. या प्रकाशनाने मराठीला एक थोर कवयित्री दिली, हे निर्विवाद आहे. पण त्याच क्षणी आणखी एक रूपांतर झाले, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. संग्रहाच्या नावात ‘गाणी’ असली तरी पुस्तकात आले ते शब्द. बहिणाबाई ज्या चालींवर, ज्या लयीत ती म्हणत, तो अर्धा भाग लेखनाच्या चाळणीतून खाली पडला. आपण त्यांना कवयित्री म्हणतो. संगीतरचनाकार म्हणत नाही. साहित्यकृती म्हणून त्यांच्या शब्दांना हक्काचे संरक्षण मिळाले, चालीला मिळण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

१९६१ मध्ये अनंत माने यांच्या ‘मानिनी’ या चित्रपटात बहिणाबाईंच्या रचना आल्या. त्यांना संगीत दिले वसंत पवार यांनी. येथून एकाच गाण्यावर कायद्याची तीन घड्याळे चालू झाली. पहिले शब्दांचे. कॉपीराइटची मुदत मूळ अधिनियमात कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१अखेर संपण्याच्या बेतात असताना ती साठ वर्षे करण्यात आली. मरणोत्तर प्रकाशित कृतीसाठी मुदत प्रकाशनवर्षापासून मोजतात. त्यानुसार १९५२चा हा संग्रह २०१२च्या अखेरीस सर्वांसाठी खुला झाला. दुसरे घड्याळ ध्वनिमुद्रणाचे. त्याची साठ वर्षे ते प्रसिद्ध झाल्यापासून, म्हणजे १९६१च्या मुद्रणाची २०२१अखेरपर्यंत. तिसरे चालीचे, ते संगीतकाराच्या आयुष्याशी बांधलेले. आज एखादा स्वतंत्र निर्माता बहिणाबाईंचे शब्द नव्या चालीवर मुद्रित करू इच्छीत असेल तर त्याला कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. चित्रपटातली चाल घ्यायची असेल तर प्रश्न वेगळा होतो. रसिकाच्या कानाला जे एक गाणे आहे, ते कायद्याला तीन वस्तूंची मोळी वाटते.

येथे एक बारकावा आहे. मरणोत्तर कृतीच्या कलमातच असे म्हटले आहे की कृतीचे जाहीर सादरीकरण झाले असेल तर ती प्रकाशित झाली असे मानावे. मग शेतात, जात्यावर, सणाला चारचौघींत गायिलेले गाणे हे जाहीर सादरीकरण ठरते काय? ते तसे धरले तर बहिणाबाईंची कृती त्यांच्या हयातीतच प्रकाशित झालेली ठरेल आणि मुदत त्यांच्या मृत्यूपासून, म्हणजे २०११अखेरपर्यंत मोजावी लागेल. एका वर्षाच्या या फरकाला व्यवहारात महत्त्व नसेल, सिद्धान्तात आहे. घर आणि रंगमंच, खासगी आणि जाहीर असे जे दोन कप्पे कायद्याने कल्पिले आहेत, त्यांपैकी कोणत्याच कप्प्यात स्त्रियांचे सामूहिक गाणे नीट बसत नाही.

४

बहिणाबाईंना नाव मिळाले. त्यांच्या समकालीन असंख्य स्त्रियांना ते मिळाले नाही. यामागे गुणवत्तेचा प्रश्न आहे हे खरे, परंतु संकलनपद्धतीचाही आहे. काही वर्षे अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ मध्ये ओव्यांचे मोठे धन मराठीला दिले. तेथील मांडणीचे तत्त्व विषय हे आहे. भाऊ, माहेर, संसार अशा सूत्रांनी ओव्या लावल्या आहेत. त्या काळातील ध्येयवादी दृष्टीला ओवी ही समग्र स्त्रीजातीची वाणी वाटणे स्वाभाविक होते. पुढच्या विद्यापीठीय लोकसाहित्याभ्यासानेही ‘समूहमन’ ही संकल्पना प्रमाण मानली आणि गाणारीचे नाव हा गौण तपशील ठरला.

याहून वेगळी रीत शक्य होती, हे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८०नंतरच्या दशकात सुरू केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पाने सिद्ध केले. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त पाळली गेली. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयातर्फे टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आला. या दोन पद्धतींची तुलना केली असता एक निष्कर्ष टाळता येत नाही. अनामिकता हा मौखिक परंपरेचा अंगभूत गुण म्हणून आपण शिकवतो. पुष्कळदा ती संकलकाच्या लेखणीतून जन्मलेली असते. गावात गाणे कोणाचे, हे लोकांना ठाऊक असते. छापील पानावर पोचेपर्यंत ते ‘पारंपरिक’ झालेले असते. ‘पारंपरिक’ या शब्दाला पुढे बाजारात किंमत येणार होती, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

५

ती किंमत आली कॅसेटबरोबर. ध्वनिमुद्रिकांच्या काळात मुद्रणाची यंत्रणा काही मोजक्या कंपन्यांच्या हाती होती. कॅसेटने ती स्वस्त केली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारतविषयक अभ्यासात दाखवल्याप्रमाणे १९८०नंतरच्या दशकात प्रादेशिक बोलींतील संगीताला यामुळे प्रथमच स्वतःची बाजारपेठ लाभली. २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली अठरा लाखांहून अधिक भाषक आढळतात; एवढा समाज मोठ्या कंपनीला लहान वाटला तरी तालुक्याच्या गावच्या निर्मात्याला पुरेसा होता. अहिराणी लग्नगीते, देवीची गाणी, विनोदी संवाद यांच्या कॅसेटी आणि नंतर व्हीसीडी निघाल्या त्या अशाच स्वतंत्र निर्मात्यांच्या भांडवलावर.

या निर्मात्याचा आणि गायकाचा व्यवहार जुन्याच भाषेत होत राहिला, ही यातील महत्त्वाची गोष्ट. तमाशाला सुपारी, बँडला सुपारी, गायकाला बिदागी, आकाशवाणीवर मानधन, या सर्व शब्दांत एक समान गृहीत आहे. मोबदला कलावंताच्या उपस्थितीचा असतो. तो आला, गायिला, पैसे घेऊन गेला; व्यवहार पुरा झाला. स्वामित्वधनाची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. कलावंत जेथे नाही तेथे त्याचे गाणे वाजते, म्हणून त्याला द्यावयाचे ते स्वामित्वधन. बिदागी हजेरीची असते, स्वामित्वधन गैरहजेरीचे. कॅसेटने गाण्याला गायकापासून सुटे केले, पण मोबदल्याची कल्पना गायकाच्या देहाला चिकटूनच राहिली. एकदा मुद्रण झाले की एकरकमी पैसे मिळत आणि मग कॅसेट शंभर खपो वा लाख खपो, रचनाकाराचा त्याच्याशी संबंध नसे. याला केवळ निर्मात्याची लबाडी म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दोन्ही पक्ष एकाच जुन्या अर्थव्यवस्थेच्या भाषेत विचार करीत होते. नव्या यंत्राचा लाभ मात्र एकाच पक्षाला झाला.

कायद्याचाही कल त्याच बाजूला होता. १९७७च्या आयपीआरएस विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल तर निर्माता हाच हक्काचा पहिला धनी, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या जोडटिपणात गायकाच्या हक्काविषयी कायदा मौन पाळतो याकडे लक्ष वेधले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९४च्या दुरुस्तीत, ‘सादरकर्ता’ कायद्यात आला. त्याच्या व्याख्येतील यादी वाचनीय आहे. अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला डोंबारी, जादूगार आणि गारुडीही तीत आहेत. मौखिक व देहनिष्ठ कलांना कायद्याने दिलेली ही पहिली मान्यता होय. ‘संगीतकृती’ची व्याख्या लेखनातून मुक्त झाली तीही याच वर्षी, हा योगायोग मानता येणार नाही.

६

लेखनाच्या प्रामाण्याने रचनाकाराला वंचित केले, असे म्हणून थांबता येत नाही. तेच प्रामाण्य विरुद्ध बाजूनेही लागू होते. १९५७च्या अधिनियमातील एकोणिसावे कलम सांगते की कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असल्याखेरीज वैध नाही. १९९४ नंतर त्यात अशी भर पडली की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. चित्रपटासाठी मोबदला देऊन काम करवून घेणाऱ्याला मिळणारी सवलत केवळ ध्वनिमुद्रण काढणाऱ्याला तशी लागू नाही. याचा अर्थ असा की ज्या स्वतंत्र निर्मात्यांनी अहिराणी गाणी तोंडी बोलीवर, हातावर पैसे ठेवून ‘विकत’ घेतली, ते त्या ध्वनिमुद्रणाचे धनी झाले. शब्दांचे आणि चालीचे धनी झालेच नाहीत. अलिखित चालीला ज्या कायद्याने नाकारले, त्याने अलिखित खरेदीलाही नाकारले. खानदेशातील कॅसेटयुगाच्या मोठ्या भागावर मालकीची ही अनिश्चितता आजही तरंगते आहे.

२०१२च्या दुरुस्तीने ही दिशा आणखी स्पष्ट केली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिचा पुरस्कार केला होता, त्यामुळे ती चित्रपटसृष्टीपुरती आहे असा समज पसरला. वस्तुतः एकोणिसाव्या कलमातील दहावे पोटकलम चित्रपटाबाहेरील ध्वनिमुद्रणासाठीच आहे. हक्क लिहून दिला तरी त्या कृतीच्या कोणत्याही वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात समान वाटा मागण्याचा कर्त्याचा अधिकार अबाधित राहतो, असे ते म्हणते. एकरकमी व्यवहाराचे युग कायद्याने येथे संपवले. २०१७ मध्ये आयपीआरएसची कॉपीराइट संस्था म्हणून पुन्हा नोंदणी झाली आणि २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, ध्वनिमुद्रण वाजवणाऱ्या नभोवाणी कंपन्यांनी त्यामागील शब्द व संगीताच्या कर्त्यांनाही स्वामित्वधन दिले पाहिजे, असा निर्णय दिला.

७

या सर्व घडामोडींचा गिरणाकाठच्या भडगावसारख्या गावातील निर्मात्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात आज जो तरुण अहिराणी गाणे काढतो, तो बहुधा स्वतःच गीतकार, संगीतकार आणि निर्माता असतो. मित्र गातो, गावातच चित्रण होते आणि गाणे यूट्यूबवर जाते. कायद्याने ज्यांना परस्परविरोधी पक्ष मानले ते येथे एका देहात नांदतात. अशा निर्मात्याला किमान दोन वेगळे हक्क आहेत. एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा शब्द-चालीचा. पहिल्याचे उत्पन्न जाहिरातींच्या रूपाने त्याच्यापर्यंत पोचते. दुसऱ्याचे मिळवायचे तर कर्ता म्हणून आयपीआरएससारख्या संस्थेचे सभासद होऊन प्रत्येक कृतीची नोंद करावी लागते. मित्राने गायिले असेल तर सादरकर्ता म्हणून त्याचा हक्क तिसरा. हे तिन्ही वेगळे आहेत, याची जाण आपल्या मराठी विभागांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला असते काय?

अहिराणी गाणे सर्वाधिक वाजते ते लग्नात, हळदीला आणि वरातीत. कॉपीराइट अधिनियमाने विवाहविधी, वरात आणि तत्संबंधी सामाजिक समारंभ यांतील सादरीकरण हे हक्कभंगातून वगळले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये याची पुन्हा आठवण करून दिली. तर त्या आशयाचे गोवा शासनाचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. सूट अधिनियमातच असल्याने तिची मर्यादा प्रत्येक प्रकरणी ठरवावी लागेल. लोकव्यवहाराच्या दृष्टीने ही सूट योग्यच आहे. लग्नघरावर स्वामित्वधनाची आकारणी आपल्या समाजाला रुचणार नाही. परंतु जेथे हे गाणे जगते तेथेच ते उत्पन्नरहित आहे, आणि बँडवाल्याला मिळते ती हजेरीचीच सुपारी, हे वास्तव राहते.

राहिला प्रश्न ‘पारंपरिक’ या शब्दाचा. लोकचाल सर्वांची असते. ती कोणीही गावी. पण तिच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणावर त्या निर्मात्याचा हक्क निर्माण होतो. यूट्यूबने २००७ पासून आणलेले स्वयंचलित तंत्र ध्वनीचे ठसे जुळवते. परंपरेचा इतिहास त्याला कळत नाही. एकाच कानबाईच्या गीताची दोन मुद्रणे समोरासमोर आली तर आधी नोंदलेल्याचे पारडे व्यवहारात जड होते. याउलट, एखाद्या हयात स्त्रीने रचलेले गीत ‘पारंपरिक’ म्हणून नोंदले गेले की तिच्या वाट्याचे स्वामित्वधन कायमचे नाहीसे होते. १९६७च्या स्टॉकहोम परिषदेने बर्न करारात अज्ञात कर्त्याच्या अप्रकाशित कृतींसाठी राष्ट्रीय यंत्रणा नेमण्याची सोय केली खरी. परंतु ज्ञात कर्तीला अज्ञात करण्याची जी क्रिया संकलनात घडते, तिच्यावर त्या करारात इलाज नाही.

तो इलाज अभ्यासकाच्या हाती आहे. आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी लोकगीतांवर प्रबंध होतात. परिशिष्टांत गीते येतात आणि त्यांखाली गावाचे नाव असते, गाणारीचे नसते. उद्या निर्माता तेच परिशिष्ट उघडील आणि ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होईल. त्याला दोष देता येणार नाही, कारण पुरावा आपणच पुरवलेला असेल. संकलित गीताखाली गाणाऱ्याचे नाव, मुद्रणाची तारीख, गीत ऐकीव आहे की स्वरचित, ऐकीव असल्यास कोणाकडून आले, चालीत व शब्दांत गाणाऱ्याने काय बदलले, एवढ्या पाच नोंदी संशोधनपद्धतीत सक्तीच्या कराव्यात आणि ध्वनिमुद्रणाची प्रत गाणाऱ्याच्या घरीही राहावी. लेखनाच्या प्रामाण्याने ज्यांचे नाव पुसले, त्यांचे नाव आता लेखनानेच राखावे लागेल. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपण अवश्य करावी, परंतु ज्यांना लेखकत्व कधी मिळालेच नाही त्यांच्या बाबतीत ती घाईची ठरते.